बोलोन्या: जमीन घरमालकाची, वाट सगळ्यांची

शेवंता

मंडळी, इटलीच्या धाग्यांवर रोम, फ्लोरेन्स, व्हेनिसबद्दल भरभरून लिहून झालंय. एमिलिया-रोमान्या प्रांताची राजधानी बोलोन्या, तिच्याबद्दल मात्र चार ओळींपलीकडे काही सापडलं नाही. मिलानहून फ्लोरेन्सला जाताना मध्ये लागणारं मोठं स्टेशन, एवढीच बहुतेकांची ओळख. मी नोकरीनिमित्त इथे राहते. या शहरावर माझा जीव जडलाय, म्हणून हा धागा.

इथली सगळ्यात आधी डोळ्यांत भरणारी गोष्ट म्हणजे पोर्तिको. घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले, त्यांच्या खाली खांब आणि कमानी, आणि कमानींखालून चालायची सलग वाट. सगळे मिळून सुमारे 62 किलोमीटर. 2021 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. पावसात छत्री न उघडता आणि जुलैच्या उन्हात डोकं न तापवता जुन्या शहरात या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता येतं.

पण मला भावतो तो त्यामागचा कायदा. 1288 मध्ये नगरसभेने ठरवलं की नवीन घराला पोर्तिको हवाच, आणि जिथे नाही तिथे मालकाने तो जोडायचा. जमीन मालकाची, देखभाल मालकाकडे, पण खालून जायचा हक्क सगळ्यांचा. उंची किती? घोडेस्वार आरामात जाईल इतकी, म्हणजे सात बोलोन्या फूट, सुमारे 2.66 मीटर. आजही बऱ्याच ठिकाणी पायाखालची फरशी खासगी मालकीची असते आणि आपण खुशाल चालत असतो.

माझं म्हणणं असं की या शहराचा स्वभावच हा आहे. स्वतःच्या मालकीतला एक तुकडा सगळ्यांसाठी मोकळा ठेवायचा. तुम्हाला काय वाटतं? शहराला असा स्वभाव असतो का, की आपण तो नंतर चिकटवतो?

पायरीवरचा

वाचतोय. फोटो येऊ द्या, तेही पावसातले.

जुनेपान

शेवंताताई, सुंदर विषय. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे पहिला आक्षेप माझाच.

पोर्तिको औदार्यातून जन्मले नाहीत. बाराव्या-तेराव्या शतकात शहर फुगत होतं, विद्यापीठामुळे बाहेरून विद्यार्थी लोटत होते. खोल्या कमी पडल्या तशी लोकांनी वरच्या मजल्यांवर रस्त्याच्या बाजूला खोल्या बाहेर काढल्या, आणि त्या कोसळू नयेत म्हणून खाली लाकडी खांब दिले. म्हणजे सुरुवात रस्त्यावरच्या अतिक्रमणाची. नगरसभेने ते पाडलं नाही. वर खोली हवी ना, मग खालची वाट लोकांना द्या, असा सौदा केला. स्त्रादा मॅज्जोरे रस्त्यावर कासा इसोलानी नावाचं तेराव्या शतकातलं घर आहे, त्याचे उंच लाकडी खांब अजून उभे आहेत. बाकीच्यांचे खांब 1568 च्या हुकमानंतर विटांचे किंवा दगडी झाले.

माझ्या मते बोलोन्याचा स्वभाव औदार्याचा नाही, कायद्याचा आहे. इर्नेरियस नावाच्या पंडिताने तिथे जुन्या रोमन कायद्याचं अध्यापन सुरू केलं आणि युरोपभरातून माणसं शिकायला आली. विद्यापीठाची स्थापना 1088 सालची मानतात. हे साल परंपरेने आणि 1888 च्या आठशेव्या वर्धापनदिनामुळे रूढ झालं, पण युरोपातलं सर्वांत जुनं विद्यापीठ हा मान त्याचाच. आणि ते चालवायचे विद्यार्थी! परदेशी विद्यार्थ्यांना शहरात नागरिकाचे हक्क नव्हते, म्हणून त्यांनी आपापल्या प्रांतांचे संघ बांधले. रेक्टर त्यांच्यातलाच, प्राध्यापकांचा पगार त्यांच्या वर्गणीतून. तासाला उशीर झाला किंवा ठरलेला भाग वेळेत शिकवून झाला नाही तर प्राध्यापकाला दंड.

पायरीवरचा

मास्तर, हा नियम आमच्या कॉलेजात असता तर आमची वर्गणीच भरून निघाली असती!

मोगरा

@जुनेपान, कायद्याचं पटलं, पण त्या विद्यापीठाची मला सगळ्यात प्रिय गोष्ट वेगळी आहे. लौरा बास्सी. 1732 मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी तिथे पदवी मिळवली आणि त्याच वर्षी विद्यापीठात अध्यापक म्हणून नेमणूक. बाई असल्यामुळे जाहीर व्याख्यानं मोजक्या प्रसंगीच द्यायची असं बंधन आलं, तर तिने घरातच प्रयोगशाळा उभी केली. नवरा जुझेप्पे वेरात्तीही विज्ञानातलाच. घरात मुलं वाढत होती, शेजारच्या खोलीत विद्यार्थ्यांना न्यूटनचं भौतिकशास्त्र शिकवलं जात होतं. 1776 मध्ये प्रायोगिक भौतिकशास्त्राचं अध्यासन मिळालं तेव्हा नवरा तिचा साहाय्यक झाला.

ती एकटी नव्हती. आन्ना मोरांदी शरीरशास्त्राच्या मेणाच्या प्रतिकृती बनवायची आणि त्यावरून शिकवायची. पालाझ्झो पोज्जीच्या संग्रहालयात तिने स्वतःचीच मेणमूर्ती केलीय, उघडलेल्या कवटीवर काम करत बसलेली. त्याआधी चित्रकार लाविनिया फोंताना. त्यानंतर एलिझाबेत्ता सिरानी, जी सत्ताविसाव्या वर्षी गेली, पण तेवढ्या आयुष्यात दुसऱ्या मुलींना चित्रकला शिकवून गेली. एकाच शहरात इतक्या जणी कशा, हा प्रश्न मला छळतो. एखाद-दुसरी असती तर अपवाद म्हणून सोडून दिलं असतं.

खवय्या_नाशिककर

एवढं लिहून झालं आणि जेवणाचं नाव नाही? इटलीत या शहराला तीन बिरुदं आहेत: विदुषी, लाल आणि गुबगुबीत. तिसऱ्याची बाजू मी लढवतो.

आपण ज्याला स्पॅगेटी बोलोनेझ म्हणतो ते तिथे मागू नका. मांसाचा रागू तिथे ताल्यातेल्ले नावाच्या रुंद, अंड्याच्या पास्त्यावर येतो, कारण रस्सा त्याला धरून राहतो. हे लोक त्याबाबतीत इतके काटेकोर की 1972 मध्ये ताल्यातेल्लेची रुंदी व्यापार मंडळात अधिकृत नोंदवली: शिजल्यावर 8 मिलिमीटर, म्हणजे शहरातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग. 1982 मध्ये रागूची कृतीही तिथेच नोंदवली. मास्तर म्हणतात तो कायद्याचा स्वभाव पास्त्यापर्यंत पोचलाय!

मोर्तादेल्ला या जाड सॉसेजचंही तेच. 1661 मध्ये कार्डिनलने हुकूम काढला की ती डुकराच्याच मांसाची असली पाहिजे, भेसळ केली तर शिक्षा. क्वाद्रिलातेरो बाजाराच्या गल्ल्यांतून ती घ्या आणि ओस्तेरिया देल सोलेमध्ये जा. 1465 पासूनची जागा. तिथे फक्त दारू विकतात, खाणं आपलं आपण न्यायचं आणि लांब बाकांवर अनोळखी लोकांशेजारी बसायचं.

अळूवडी

आम्ही शाकाहारी. आई-बाबांना घेऊन जायचंय. उपाशी राहू का?

शेवंता

@अळूवडी, मुळीच नाही. पण नावं नीट वाचा. भरलेल्या पास्त्यात तोर्तेल्लीनी छोटे, त्यात मांस असतं आणि ते मांसाच्याच रश्शात येतात. तोर्तेल्लोनी मोठे, त्यात रिकोत्ता चीज आणि पालेभाजी, वर लोणी आणि सेजची पानं. तेच मागा. तिज्जेल्ले, क्रेशेंतीने या पावांत कणकेतच चरबी असू शकते, विचारून घ्या. आई-बाबा अगदी कडक पाळत असतील तर पार्मेझान टाळा, त्यात दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट असतं. शेतकरी बाजारात फळं, टोमॅटो, ताजी पालेभाजी उत्तम मिळते. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर आई खूश राहतील.

रेवाकाठ

खोलीवरून आठवलं, आणि इथेच माझा शेवंताताईंशी मतभेद आहे. मी त्याच विद्यापीठात मास्टर्स केलं. पोर्तिकोखालून चालणं फुकट, पण त्याच्या वरच्या खोलीत राहणं? शहराची वस्ती चार लाखांच्या आत. विद्यापीठात 90 हजारांच्या आसपास विद्यार्थी. त्यातले काही चेझेना, फोर्ली, रावेन्ना, रिमिनीला असतात, तरी उरलेले सगळे त्याच खोल्यांमागे. बरीच घरं आता पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी दिली जातात. मला एका घरमालकाने फोनवर खोली रिकामी आहे म्हणून सांगितलं आणि माझं नाव ऐकताच ती भरली. वर्गातल्या नायजेरियन मुलीला हाच अनुभव अनेकदा आला. शेवटी शहराबाहेर राहिलो आणि लोकलने ये-जा केली.

मालकीतला तुकडा मोकळा ठेवायचा स्वभाव म्हणता, तर तो वरच्या मजल्यावर का जात नाही? मी हे रागाने नाही, जिव्हाळ्याने विचारतोय. पियाझ्झा व्हेर्दी चौकात फरशीवर बसून केलेला अभ्यास आणि सालाबोर्झा वाचनालयातल्या हिवाळी दुपारी माझ्या आयुष्यातल्या सर्वांत समृद्ध वेळा होत्या.

बाणेदार

@रेवाकाठ, तुझा प्रश्न त्या शहराने स्वतःला पन्नास वर्षांपूर्वी विचारला होता.

1945 ते 1999 सलग डावे महापौर, म्हणून ‘लाल’. (विटांचा रंगही लाल, तो योगायोग.) युद्धानंतर युरोपभर जुनी शहरं पाडून नवी बांधायची लाट होती. बोलोन्यात पिएर लुइजी चेरवेल्लाती या वास्तुरचनाकाराच्या पुढाकाराने 1969 मध्ये जुन्या शहराच्या जतनाची योजना आली आणि 1973 मध्ये तिला सार्वजनिक घरबांधणीची जोड मिळाली. म्हणणं साधं होतं: इमारतींसोबत त्यात राहणारी माणसंही जपायची. सान लेओनार्दोसारख्या भागांतली पडकी घरं महापालिकेने दुरुस्त करायची आणि जुन्या कामगार भाडेकरूंनाच परवडेल अशा भाड्यात परत आणायचं. मालकांची घरं सक्तीने घ्यायचा पहिला बेत विरोधामुळे सोडावा लागला आणि मालकांशी करार करून काम झालं. जेवढं व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही. पण शहरं वाचवण्याच्या विद्येत जगभर हा धडा शिकवला जातो.

तरी लाल शहराचं गोडगोड चित्रही नको. मार्च 1977 मध्ये विद्यापीठ परिसरातल्या चकमकीत फ्रांचेस्को लोरुस्सो हा विद्यार्थी पोलिसांच्या गोळीने मारला गेला आणि नंतर त्याच गल्ल्यांत चिलखती गाड्या आल्या. डावी महापालिका आणि तिच्याहून डावी तरुण पिढी समोरासमोर. ती जखम बरीच वर्षं ओली होती.

रूळांतर

जखमेचा विषय निघालाच आहे, तर स्टेशनबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. 2 ऑगस्ट 1980, सुट्ट्यांचा शनिवार, सकाळी 10:25. दुसऱ्या वर्गाच्या प्रतीक्षालयात बॉम्ब फुटला. 85 माणसं गेली, 200 हून अधिक जखमी. नवफासिस्ट गटाच्या लोकांना शिक्षा झाल्या, खटले पुढे कित्येक वर्षं चालले.

त्या दिवशी रुग्णवाहिका पुरेनात. 37 क्रमांकाची शहर बस खिडक्यांना पांढऱ्या चादरी लावून मृतदेह नेत राहिली. टॅक्सीवाल्यांनी जखमी नेले, सुट्टीवर गेलेले डॉक्टर परत आले. भिंतीवर नावं आणि वयं कोरली आहेत. सगळ्यात लहान आंजेला फ्रेझू, तीन वर्षांची. स्टेशनवरचं एक घड्याळ 10:25 वरच ठेवलंय. दरवर्षी त्या दिवशी सकाळी शहर मोर्चाने स्टेशनपर्यंत चालत येतं.

गाडी बदलायला उतरणाऱ्यांनी निदान ती भिंत पाहावी. प्रतीक्षालयातच आहे, वेगळं कुठे जावं लागत नाही.

मोगरा

तीन वर्षांची.

कदमताल

घरात लष्करी परंपरा, म्हणून एक गोष्ट सांगतो जी इथल्या प्रत्येक मराठी माणसाला माहीत हवी.

1944-45 च्या हिवाळ्यात दोस्त फौजा बोलोन्याच्या अलीकडे अडकल्या. शहरात आणि डोंगरांत प्रतिकार चालू होता, आणि त्याची किंमत भयंकर होती. बोलोन्याच्या दक्षिणेला मोंते सोलेच्या वाड्यांवर 29 सप्टेंबर 1944 पासून आठवडाभर जर्मनांनी सुमारे 770 गावकरी मारले, त्यात कितीतरी मुलं. शहराच्या मुख्य चौकातल्या भिंतीवर प्रतिकारात लढताना मारल्या गेलेल्या पार्टिझन बायका-पुरुषांचे फोटो लावलेत.

एप्रिल 1945 मध्ये शेवटची चढाई. बोलोन्याच्या पूर्वेला सेनिओ नदी, दोन्ही काठांवर उंच बांध, त्यांत जर्मन मशीनगनी, आणि खाली सुरुंग. 9 एप्रिलला मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन तिथे उतरली. शिपाई नामदेव जाधव, आपल्या नगर जिल्ह्यातले. कंपनीचे निरोप्ये. खोल पाण्यातून, चढ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून त्यांनी दोन जखमी साथीदार एकेक करून मागे आणले. मग एकट्याने मशीनगनची ठाणी मोडली. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तर ग्रेनेड टाकले. शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि बाकीच्यांना हात करून पलीकडे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बाराच दिवसांनी, 21 एप्रिलला, बोलोन्या मुक्त झालं. शहरात आधी शिरल्या त्या पोलिश तुकड्या.

फोर्लीला भारतीय सैनिकांची युद्धस्मशानभूमी आहे आणि दहन झालेल्यांचं स्मारकही. बोलोन्याहून रेल्वेने तासाभरात. जाणाऱ्यांनी फुलं घेऊन जावीत.

जुनेपान

@कदमताल, इतकी वर्षं वर्गात दुसरं महायुद्ध शिकवताना ही नदी नकाशावर दाखवायला हवी होती असं वाटून गेलं. धन्यवाद.

पाणाड्या

पाण्याचं खातं माझं, म्हणून थोडं अवांतर. बोलोन्याला मोठी नदी नाही, तरी मध्ययुगात ते पाण्यावर चालणारं शहर होतं. कासालेक्कियोला रेनो नदीवर बंधारा घालून पाणी कालव्याने शहरात आणलं, दुसरीकडून सावेनाचं. त्या पाण्यावर चक्क्या फिरायच्या आणि रेशमाला पीळ देणारी बहुमजली गिरणीयंत्रं चालायची. बोलोन्याची तलम रेशमी ओढणी युरोपभर विकली जायची. नाव्हीले कालव्यातून माल बोटींनी उत्तरेला, पार व्हेनिसकडे.

विसाव्या शतकात बहुतेक कालवे झाकून वर रस्ते झाले. व्हिया पिएल्ला रस्त्यावर भिंतीला एक छोटी खिडकी आहे, तिच्यातून अजून उघडा तुकडा दिसतो. पण झाकलेलं पाणी नाहीसं होत नाही. ऑक्टोबर 2024 च्या अतिवृष्टीत शहराखालून बंदिस्त वाहणारा राव्होने ओढा फुटून व्हिया साफ्फीवर आला.

शेवंताताई, कालव्याचं पाणीही वाटून घेतलेलं. देखभालीला वापरकर्त्यांचा संघ होता. तुमच्या मताला माझा दुजोरा.

खवय्या_नाशिककर

शेजारच्या मोदेनाबद्दल कोणी बोललं नाही! 1325 मध्ये झाप्पोलीनोच्या लढाईत बोलोन्या हरलं आणि मोदेनावाल्यांनी विजयचिन्ह म्हणून एक लाकडी बादली पळवली. ती त्यांनी सातशे वर्षं जपून ठेवलीय. बोलोन्याने एवढं वाटून घ्यायचं शिकवलं, तर बादली मिळाली असती का परत?

जुनेपान

मोदेनावाले देणार नाहीत. 😀

पण जाता जाता, पोपचा एक पुतळाही या शहराने परत दिला नाही. 1506 मध्ये पोप दुसऱ्या ज्युलियसने शहरावर सत्ता गाजवणाऱ्या बेंतीवोल्यो घराण्याला हाकलून शहर ताब्यात घेतलं. मिकेलांजेलोकडून स्वतःचा कांस्य पुतळा करवून सान पेत्रोनियो चर्चच्या दर्शनी भागावर बसवला. 1511 मध्ये बेंतीवोल्यो परतले, लोकांनी पुतळा पाडला आणि फेराराच्या ड्यूकने त्या धातूची तोफ ओतली. पुढे पोपची सत्ता परत आली आणि, नेपोलियनचा काळ सोडला तर, 1859 पर्यंत टिकली.

आता मूळ प्रश्न. मी पहिल्या प्रतिसादात कायद्याचा स्वभाव म्हटलं, तर त्यातला सर्वोत्तम पुरावा द्यायचा राहिला. 1256-57 मध्ये नगरसभेने जवळजवळ सहा हजार भूदास सुमारे चारशे मालकांकडून पैसे देऊन सोडवले. चौदा वर्षांवरच्या माणसाला 10 लिरे, मुलाला 8. सगळ्यांची नावं एका पोथीत लिहिली, तिला ‘लिबेर पारादिझुस’ म्हणतात, कारण ती स्वर्गापासून सुरू होते: देवाने माणूस स्वतंत्र घडवला. हेतू शुद्ध नव्हता. स्वतंत्र माणूस कर देतो, भूदास देत नाही. पण नावं लिहिली गेली आणि माणसं सुटली.

शेवंता

मास्तर, मला हेच म्हणायचं होतं आणि तुम्ही ते माझ्याहून चांगलं मांडलंत. हेतू मिसळलेला असला तरी चालेल, पण ठरलं की ते लिहून ठेवायचं आणि सगळ्यांना लागू करायचं.

@रेवाकाठ, तुझं उत्तर माझ्याकडे नाही. तुझ्यासोबत घडलं ते लाजिरवाणं होतं, आणि इथली माणसंही ते मान्य करतात. पण घरभाड्यावर इथे आजही रस्त्यावर भांडण होतं, विद्यार्थी तंबू ठोकतात. शहर गप्प बसलेलं नाही.

सान लुकाचं लिहायचं राहिलं. शहराबाहेरच्या टेकडीवर मेरीमातेचं देऊळ, तिथपर्यंत 666 कमानींचा पोर्तिको, पावणेचार किलोमीटरहून जास्त लांब. 1674 मध्ये काम सुरू झालं. संघटनांनी, कुटुंबांनी, साध्या लोकांनी वर्गण्या दिल्या. 1677 मध्ये नागरिकांनी साखळी करून बांधकामाचं सामान हातोहात वर पोचवलं. 1433 मध्ये पाऊस थांबेना, पिकं बुडायला आली, तेव्हा मेरीची प्रतिमा शहरात आणली होती. तेव्हापासून ती मे महिन्याच्या सुमारास आठवडाभर खाली येते. आपल्या पालख्यांसारखीच गर्दी, लोक वाटेत तिष्ठत उभे. टेकडीवर चढणारा त्याचा भाग घरांसाठी बांधलेला नाही. त्याच्या वर कोणाचीच भाड्याची खोली नाही.

रेवाकाठ

ताई, हे वाचून बरं वाटलं. सान लुकाचा चढ मी परीक्षेच्या आधी चढायचो. शेवटचा टप्पा कठीण आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालून बस घ्यावी.

स्वभावाचं म्हणाल तर मी आता अर्धा मानतो. वाट मोकळी ठेवायला शहराने 1288 मध्ये कायदा केला. खोलीसाठीही कायदाच लागेल. मालकांच्या मनाचा चांगुलपणा पुरणार नाही.

अळूवडी

आम्ही मेमध्येच जातोय. प्रतिमा खाली येते तो शनिवार कोणता, हे कुठे कळेल? आणि बाबांना मनोऱ्यावर चढायचंय.

शेवंता

@अळूवडी, तारीख ईस्टरप्रमाणे बदलते, सान लुका देवळाच्या संकेतस्थळावर आधी जाहीर होते. मनोऱ्यांचं मात्र जायच्या आधी तपासा. शेजारच्या गारिसेंदाचा पाया कमकुवत झालाय, ऑक्टोबर 2023 पासून तो परिसर बंद केला आणि आसिनेल्लीचाही जिना बंद आहे. बाबांना सान पेत्रोनियोत न्या. जमिनीवर कासिनी या खगोलशास्त्रज्ञाने 1655 मध्ये आखलेली 67 मीटरच्या आसपास लांबीची रेषा आहे. छतातल्या छिद्रातून सूर्याचा ठिपका त्या रेषेवर येतो तो मध्यान्हाचा क्षण. मेमध्ये घड्याळात एकच्या थोडं पुढे, तेव्हा पाऊण वाजल्यापासून तिथे उभे राहा.